सूर्यपाटीवरचे कावळे

"सात! आठ! अरे, नववा आला!" आंब्याच्या फांदीवरून गेणू ओरडला.

"हळू बोल की! उडतील ना ते!" हेमाने खालून दटावलं.

"उडू देत! काल उडवले, परवा उडवले, परत येत्यातच. तुझ्या आत्याच्या गाडीवर रोज दुपारी कावळ्यांचं लगीन लागतंय बघ!"

हेमा हसली नाही. मळवलीतल्या त्या बंगल्याच्या आवारात उभ्या असलेल्या निळ्या गाडीच्या टपाकडे ती डोळे बारीक करून बघत होती. नऊ कावळे टपावर नाचत होते, चोची मारत होते, एकमेकांवर खेकसत होते. टपावर खायला काय ठेवलं होतं? काही नाही! तिथे होती फक्त आत्याची सूर्यपाटी.

ही गाडी म्हणजे मोठी गंमत होती. हेमाची आत्या, डॉक्टर मंदाकिनी सोहनी, त्या गाडीतच राहायची आणि सुट्टीत हेमाही. आत झोपायला फळी, स्टोव्ह, औषधांचं कपाट आणि कोपऱ्यात एक पांढरी थंड पेटी. त्या पेटीत लहान मुलांना टोचायची लस ठेवलेली असे. लस थंड राहिली तरच कामाची, तापली की फुकट! आणि वीज? टपावरची सूर्यपाटी म्हणजे काचेखाली बसवलेल्या काळ्या चकत्यांची दाराएवढी चौकट. तिच्यावर ऊन पडलं की वीज तयार व्हायची, ती बॅटरीत साठायची आणि पेटी गार राहायची. एकोणऐंशी साली असली पाटी मावळात कुणी पाहिली नव्हती. पुण्याच्या एका संस्थेने ती आत्याला प्रयोगासाठी दिली होती.

फक्त गेले दहा दिवस त्या प्रयोगाची पार वाट लागली होती. बॅटरीवरचा काटा हिरव्या पट्टीत जायचं नावच घेईना. गेल्या आठवड्यात पेटी तापली आणि लसीच्या चाळीस बाटल्या आत्याला फेकून द्याव्या लागल्या. त्या संध्याकाळी आत्या गाडीच्या पायरीवर बसून रडली होती. हेमाने आत्याला रडताना पहिल्यांदाच पाहिलं होतं आणि ते तिला मुळीच आवडलं नव्हतं.

"हौशीरामभाऊ पाटी फिरवत नसतील," हेमा म्हणाली. हौशीराम म्हणजे गाडीचा ड्रायव्हर. टपावर चढून पाटी सकाळी उगवतीकडे, दुपारी आडवी आणि नंतर मावळतीकडे कलती करायची, हे त्याचं काम. आत्याचा गुडघा दुखायचा, तिला शिडी चढवत नसे. शिवाय दिवसभर ती वाड्यावस्त्या पायी फिरायची.

"वहीत तर रोज तीनदा लिवत्यात. मी बघितलंय," गेणू म्हणाला. त्याची आई झुंबरबाई बंगल्याची राखण करायची, त्यामुळे आवारातलं एकही पान गेणूला कळल्याशिवाय हलत नसे.

एवढ्यात फाटक करकरलं आणि डोक्यावर करवंदांची पाटी घेऊन चिंगी आत आली. चिंगी बेडशाच्या लेण्यांच्या वरच्या ठाकरवाडीतली. करवंदं विकायला रोज ती मळवली स्टेशनावर उतरायची आणि जाताना उरलेली करवंदं घेऊन या दोघांकडे यायची. पानाच्या द्रोणात करवंदं ओतत तिने विचारलं, "काटा वर गेला का?"

रोज ती हाच प्रश्न आधी विचारायची. तिचं कारणही तसंच होतं.

"न्हाई गं," गेणू म्हणाला.

चिंगीचं तोंड एवढंसं झालं. "मग रविवारी बाई वाडीवर यायच्या न्हाईत?"

"शनिवारी पुण्याचे साहेब येणारेत," हेमाने सांगितलं. "बर्फात ठेवून नवी लस आणणारेत. आपली पेटी गार असली तर लस देतील. नसली तर लसही नेतील आणि पाटीही काढून नेतील."

चिंगीने द्रोण खाली ठेवला. गेल्या वर्षी तिचा धाकटा भाऊ घटसर्पाने गेला होता. आता घरात सहा महिन्यांचा दुसरा भाऊ, नवशा होता. त्याला अजून एकही सुई टोचलेली नव्हती. लस वाडीवर आली तर टोचणार, नाहीतर आठ मैल चालत दवाखान्यात कोण नेणार?

"मग बसलाय काय करवंदं खात?" चिंगी एकदम उसळून म्हणाली. "चढा की वर! बघा काय हाय त्ये!"

हौशीराम चहाला गेला होता. तिघं शिडीवरून टपावर पोचली तेव्हा कावळे शिव्या देत उडाले.

पाटी आडवी होती, अगदी पाटासारखी सपाट. घड्याळात साडेतीन! या वेळी ती मावळतीकडे कलायला हवी होती.

"फिरवलीच नाहीये!" हेमा ओरडली. "आणि हे काय? काचेवर पांढरे डाग कसले?"

काचेवर गोल गोल पांढरट वळं उमटली होती. कडेला खाचेत काहीतरी नळीसारखं, कडक, पांढरं अडकलं होतं. गेणूने ते उचललं. चिंगीने ते त्याच्या हातातून घेतलं, वास घेतला आणि सरळ तोंडात टाकलं!

"अगं ए! विष असलं तर?"

"इष न्हाई," चिंगी चावत म्हणाली. "कुरडई हाय! हिंग लय घातलाय."

"कुरडई?" हेमा उडालीच. "सूर्यपाटीवर कुरडई?"

ती हसत सुटली. गेणू मात्र हसला नाही. त्याने उरलेला तुकडा जिभेवर ठेवला आणि त्याचे कान लाल झाले. एवढा हिंग सगळ्या मळवलीत एकच बाई घालत होती.

"काय झालं रे?"

"काय न्हाई," गेणू म्हणाला आणि भराभर शिडी उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी नऊला तिघं करवंदीच्या जाळीमागे दबा धरून बसली. काटे टोचत होते, मुंग्या चावत होत्या, पण हूं की चूं कुणी केलं नाही. आत्या कधीच टाकव्याच्या बाजूला निघून गेली होती. हौशीराम गाडीच्या सावलीत विडी ओढत होता.

आणि बंगल्याच्या मागच्या दारातून सुपात कुरडया घेऊन आली... झुंबरबाई! गेणूची आई!

"घ्या हो हौशीरामभाऊ. काल घातलेल्या हायत, अर्ध्या वाळल्यात. आज कडक होतील."

हौशीराम शिडीवर चढला, सूप वर ओढून घेतलं आणि एकेक कुरडई काचेवर मांडू लागला. अर्धी पाटी बघता बघता पांढरी झाली.

"ही काच लय गुणाची!" झुंबरबाई खालून कौतुकाने म्हणाली. "अंगणात चार उन्हं लागत्यात, हितं दोन उन्हांत खडखडीत! कोंबडी येत न्हाई, धूळ उडत न्हाई."

"कावळं येत्यात तेवढं सोडा! आन् मला एक कळेना, ही बाई पाटी फिरव फिरव करती. तिरकी केली तर तुमच्या कुरडया घसरून खाली न्हाई का येणार?"

"मग नका फिरवू! ऊन काय, आडव्या पाटीवर बी पडतंयच की!"

"त्येच म्हणतो मी! जेवायला काय हाय आज?"

जाळीमागे हेमाचे डोळे विस्फारले. "गेणू! तुझी आई!"

"मला काल चवीवरनंच कळलं व्हतं," गेणू मान खाली घालून म्हणाला. "तुमी कुणाला सांगू नका. मी बोलतो आयेशी."

तो गेला आणि पाच मिनिटांत परत आला. चेहरा पडलेला.

"काय म्हणाली?"

"म्हणली, काच काय झिजती व्हय कुरडयांनी? ऊन काय डॉक्टरीणबाईंनी इकत घेतलंय? मी म्हणलं, सावली पडती काचेवर, वीज होत न्हाई. तर म्हणली, लय शिकलास, जा पाणी भर!"

"आत्या आली की मी सांगतेच तिला!" हेमा ताडकन उठली.

"सांग. बाई रागावतील, आजचा दिस कुरडया न्हाई घालायच्या," चिंगी शांतपणे म्हणाली. "पर रविवारी गाडी आमच्या वाडीखाली येणार. मग दुसऱ्या वाडीखाली. तितं पाटी कोण फिरवणार? ह्योच ना? ह्यो तर जेवला की झोपतोय!"

हेमा परत बसली. खरंच की! कुरडया काढल्या तरी पाटी आडवी ती आडवीच राहणार होती.

"म्हणजे पाटीला माणूसच लागायला नको," ती हळूहळू म्हणाली. "पाटी स्वतःच फिरली पाहिजे! सूर्याच्या मागे मागे!"

"आपोआप? तिला काय पाय हायत?" गेणू म्हणाला.

"पाय नाहीत, पण आस आहे! ती मधल्या नळीवर सी-सॉसारखी झुलते. फक्त तो अडकवलेला बोल्ट काढायचा. एका बाजूने हळूहळू ओढणारं काहीतरी हवं. अगदी हळू! सकाळपासून संध्याकाळपर्यंत, थांबायचं नाही, पळायचं नाही."

तिघं विचारात पडली. मग गेणूने आपल्याच कपाळावर हात मारला. "पाणी! शेताला बारं देतो तसं! डब्यातनं पाणी बारीक धारेनं सोडायचं. पाण्यावर दुसरा जड डबा तरंगत ठेवायचा. पाणी उतरलं की डबा उतरंल, डबा उतरला की दोरी ओढंल, दोरी पाटीची मावळतीची कड खाली ओढंल!"

"आणि सकाळी पाटी उगवतीकडे कलण्यासाठी त्या बाजूला विटा टांगायच्या!" हेमा उड्याच मारू लागली. "पाणी भरलं की डबा वर, विटांनी पाटी उगवतीकडे. पाणी गेलं की डबा खाली, पाटी मावळतीकडे. गेणू, तू ग्रेट आहेस!"

"ते मला ठाव हाय," गेणू म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

मग काय विचारता! विहिरीवरची जुनी कप्पी निघाली. दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा निघाला. त्यात अर्ध्यावर वाळू भरून झाकण मेणाने बंद केलं. तो पाण्यात गळ्यापर्यंत बुडून ऐटीत तरंगला. पाणी सोडायला आत्याच्या कपाटातून सलाइनची जुनी, टाकून द्यायची नळी मिळाली. तिला चिमटा होता. तो पिळला की धार बारीक! नळीतून पाणी ओढताना गेणूच्या नाकातोंडात गेलं, तो ठसकला आणि दोघी पोट धरून हसल्या.

तालीम मात्र खऱ्या पाटीवर करायची नव्हती. बंगल्यामागे एक जुना पाट नळीवर झुलता बसवला. पाटाच्या मधोमध उभा खिळा ठोकला. ही हेमाची युक्ती. "खिळ्याची सावली नाहीशी झाली की समजायचं, पाट अगदी सूर्यासमोर आहे. सावली पडली की चुकला!"

पंधरा किलोच्या तेलाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरलं. दोरी कडेला न बांधता आसापासून वीतभर अंतरावर बांधली, म्हणजे डब्याच्या उंचीत पाट पुरता फिरेल. चिमटा सैल केला. तिघं पाटाभोवती उकिडवी बसली.

"फिरतोय! अगं, फिरतोय!"

फिरत होता खरा. पण पहिल्या तासात सूर्याच्या पुढे पळाला! खिळ्याची सावली एका बाजूला लांबली. मग पाट जो रेंगाळला, तो सूर्यच पुढे निघून गेला आणि सावली दुसऱ्या बाजूला लांबली.

"हा तर हौशीरामभाऊच निघाला!" गेणू वैतागून म्हणाला. "सकाळी धावतोय, जेवल्यावर झोपतोय!"

हेमा रडवेली झाली. "मोठा डबा भरलेला असतो तेव्हा पाण्याचा दाब जास्त, धार जोरात. रिकामा होत आला की धार मंद. चिमट्याने सारखं कमी-जास्त करायला परत माणूस लागणार. झालं! फसलं सगळं!"

चिंगी मघापासून तेलाच्या डब्याकडे टक लावून बघत होती. "डबा वर बी एवढाच, खाली बी एवढाच," ती पुटपुटली. मग एकदम उठली, विहिरीकडे पळाली आणि बादली घेऊन आली.

"ह्यात करू!"

"बादलीने काय होणार?"

"अगं, म्या रोज लेण्यातल्या टाक्यावरनं तांब्यानं बादली भरती. तळाला चार तांबे वतले की पाणी भसकन् वर चढतंय. काठापाशी चार तांबे वतले तर बोटभर चढतंय. बादली खाली चिंचोळी, वर पसरट! धार जोरात असंल तवा पाणी पसरट जागेतनं जाईल, डबा हळूच उतरंल. धार मंद होईल तवा जागा बी चिंचोळी, थोडं पाणी गेलं तरी डबा उतरंल!"

हेमाने आ वासला. पुस्तकातलं एक वाक्य न वाचता चिंगीने गणित सोडवलं होतं! हेमाने तिला मिठीच मारली. करवंदांची पाटी कलंडली, करवंदं आवारभर घरंगळली आणि कोंबड्यांनी मेजवानी केली.

बादली लावली. तास गेला. दुसरा तास गेला. खिळ्याची सावली हरभऱ्याएवढी पडे, पुन्हा नाहीशी होई. तेवढंच!

संध्याकाळी आत्या थकून आली. हेमाने तिला पाट दाखवला आणि भीत भीत विचारलं, "आत्या, पाटीचा बोल्ट काढू? तिला असंच फिरवायचंय."

आत्याने बादलीकडे बघितलं, खिळ्याकडे बघितलं. "काढा," ती म्हणाली. "उद्या मी पुण्याला जातेय, साहेबांना घेऊन शनिवारी दुपारी येईन. आता आणखी बिघडण्यासारखं उरलंय तरी काय? फक्त शिडी धरून चढा रे बाळांनो!"

कुरडयांचं कुणीच काही सांगितलं नाही. गेणूने डोळ्यांनीच विनवलं होतं.

शुक्रवारी देवच पावला. हौशीराम कुणालाही न विचारता टाकवे बुद्रुकला सासुरवाडीच्या लग्नाला पसार झाला! आणि कुरडया काचेवर चढवायला झुंबरबाईला शिडी काही जमत नव्हती. सकाळी सातला तिघांनी पाटीखाली विटा टांगल्या, टपाच्या कडेला कप्पी बसवली, दोरी बादलीतल्या डब्याला बांधली, काच पुसून लखलखीत केली आणि चिमटा सोडला.

दिवसभर पाटी सूर्याकडे तोंड करून होती. हेमा दर अर्ध्या तासाने काटा बघायची आणि खिडकीतून ओरडायची.

"दोन रेघा वर!"

"अजून एक!"

दुपारी तीनला तिची किंकाळीच ऐकू आली. "हिरवा! काटा हिरव्यात गेला!"

गेणूने बंगल्याला तीन चकरा मारल्या. चिंगीने थंड पेटीचं झाकण जरासं उघडून आत बोट घातलं आणि पटकन काढलं. "गार हाय! लय गार हाय!"

शनिवारी सकाळीही तेच. बादली भरली, पाटी उगवतीकडे वळली आणि मुकाट्याने सूर्यामागे निघाली. अकरापासूनच काटा हिरव्या पट्टीच्या टोकाला टेकून बसला. बारा वाजता पाटी बरोब्बर आडवी झाली, कारण सूर्य डोक्यावर होता. मे महिन्यात मळवलीत त्या वेळी माणसाची सावली पायाखाली येते.

आणि नेमका तेव्हाच हौशीराम उगवला! लग्नाच्या जेवणाने सुस्तावलेला, कपाळाला अजून कुंकू. त्याने टपाकडे बघितलं. पाटी? नेहमीसारखी आडवी. कप्पी आणि दोरी? "पोरांनी कपडे वाळत घालायला बांधली असंल," असं म्हणत त्याने जांभई दिली.

"आलात का हौशीरामभाऊ!" झुंबरबाई सूप घेऊन हजर. "शेवटचा घाणा हाय बघा. कालपासनं घरात सादळतोय!"

करवंदीच्या जाळीमागे हेमाने गेणूचं मनगट धरलं. "थांबव त्यांना!"

गेणूने टपाकडे बघितलं, बादलीकडे बघितलं आणि त्याच्या डोळ्यांत एक खट्याळ चमक आली. "नगं. काटा टोकाला हाय, दोन तासांनी काय बिघडत न्हाई. म्या आयेला सांगून बघितलं ना? आता पाटीच सांगंल!"

कुरडया काचेवर चढल्या. झुंबरबाई आत गेली. हौशीराम आंब्याखाली पसरला आणि दोन मिनिटांत घोरू लागला. बादलीतून मात्र धार पडतच होती.

पावणेदोनला जीप आली. आत्या उतरली, मागोमाग पुण्याचे वैशंपायनसाहेब. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, हातात लसीचा थर्मास. चेहरा असा, की लस परत न्यायचं त्यांनी वाटेतच ठरवलं असावं.

हौशीराम धडपडत उठला आणि त्याने सलाम ठोकला.

"पाटी दिवसातून तीनदा फिरवता ना?" साहेबांनी विचारलं.

"तर वो सायेब! तीनदा म्हणजे तीनदा! आत्ताच फिरवून खाली उतरलो. वहीत लिवलंय."

"वर दुसरं काही ठेवत नाही ना? काचेवर सावली चालत नाही."

"छ्या छ्या! चिमणीला बसू देत न्हाई मी!"

साहेब गाडीच्या मावळतीच्या बाजूला गेले, टपाखाली उभे राहिले आणि मान वर करून बघू लागले. पाटी आता चांगलीच कलली होती. वाळून खडखडीत झालेल्या कुरडया काचेवरून सुटत होत्या. एक हलली. दुसरीने तिला धक्का दिला. आणि मग...

सर्रर्रर्र!

साहेबांच्या टोपीवर एक, खांद्यावर दोन, चष्म्यावर एक! खळ्ळ खळ्ळ करत सगळा घाणा त्यांच्या अंगावरून पायाशी कोसळला. एक कुरडई शर्टाच्या खिशात जाऊन बसली. नऊच्या नऊ कावळे काव काव करत धावून आले!

"हे... हे काय?" साहेब टोपी झटकत म्हणाले.

"चिमण्या नाहीत साहेब, कुरडया आहेत!" हेमा जाळीतून बाहेर येत म्हणाली. तिला हसू आवरेना.

"अगं बाई, माझ्या कुरडया!" आवाज ऐकून झुंबरबाई धावत बाहेर आली आणि साहेबांना बघून जागच्या जागी थिजली. हौशीराम आंब्याच्या बुंध्यामागे सरकू लागला.

"हौशीराम!" आत्याचा आवाज चढला. "दहा दिवस हे चाललंय? माझ्या चाळीस बाटल्या! मला वाटत होतं, मीच कुठे चुकतेय!"

"चुकी झाली बाई," हौशीराम खाली बघत पुटपुटला.

"पण थांबा!" साहेबांनी हात वर केला. ते कुरडया विसरूनच गेले होते. "पाटी आत्ता हलली. मी बघितलं. वर तर कुणीच नाही! कोण फिरवतंय तिला?"

"बादली!" तिघं एकदम ओरडली.

मग गेणूने डबा दाखवला, हेमाने खिळा दाखवला आणि चिंगीने, आधी लाजत आणि मग हातवारे करत, तांब्यांचा हिशोब सांगितला. साहेब उकिडवे बसून धारेकडे बघत राहिले. मग गाडीत गेले. काटा हिरव्या पट्टीत. पेटीतला पारा जिथे हवा तिथे.

ते बाहेर आले तेव्हा हातात थर्मास नव्हता.

"लस पेटीत ठेवली," ते म्हणाले. "डॉक्टर, आमच्या संस्थेत वर्षभर चार इंजिनियर या एका गोष्टीवर डोकं फोडतायत. मोटार लावतायत, चक्रं लावतायत. आणि या तिघांनी ते एका बादलीत केलं! मी याचं चित्र काढून नेणार. त्यावर नावं लिहायचीत. सांगा पाहू एकेकाचं."

"आधी हिचं लिवा," गेणूने चिंगीला पुढे ढकललं. "बादली हिची."

झुंबरबाई पुढे आली. पदराचं टोक बोटांना गुंडाळत ती म्हणाली, "डॉक्टरीणबाई, मला खरंच उमजलं न्हाई हो. काच तापती, कुरडई वाळती, एवढंच कळलं. गेणू सांगत व्हता, म्या ऐकलं न्हाई."

"मावशी, माझा नवशा हाय ना घरी," चिंगी म्हणाली.

झुंबरबाईला गेल्या वर्षीचं ठाऊक होतं. तिने चिंगीला जवळ ओढलं आणि दोघी रडल्या. तेवढ्यात एका कावळ्याने साहेबांच्या खिशातली कुरडई पळवली आणि सगळ्यांना हसू फुटलं.

रविवारी गाडी बेडशाखालच्या मोकळ्या जागेत उभी राहिली. हौशीराम भल्या सकाळी टाक्यावरून पाणी आणून बादली भरत होता. आत्याने त्याला एवढीच शिक्षा दिली होती. झुंबरबाई आपली आपण आली होती, तळलेल्या कुरडयांनी भरलेली टोपली डोक्यावर घेऊन. सुई टोचून घेईल त्या प्रत्येक पोराला एक कुरडई!

वाडीतल्या बाया पोरं कडेवर घेऊन रांगेत उभ्या होत्या. सगळ्यात पुढे चिंगी होती, नवशाला पोटाशी घट्ट धरून. टपावर पाटी उगवतीकडे तोंड करून उन्हात चमकत होती.

आत्याने सुई टोचली. नवशाने क्षणभर आ केला आणि मग असा काही भोंगा पसरला, की लेण्यांतली पाखरं उडाली!

गेणूने कानांवर हात ठेवले. "बाप रे, केवढा आवाज ह्याचा!"

चिंगी हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. गेल्या वर्षी धाकट्याचा गळा बसला होता. शेवटच्या दिवशी त्याला रडताही आलं नव्हतं.

"रड रे माझ्या राजा," ती नवशाला थोपटत म्हणाली. "अजून जोरात रड!"